जहाजावरच्या सेवेतून परत आले, बेळगावात मन लागेना

कॅम्पातली सिस्टर:
नमस्कार. मी बेळगावात स्टाफ नर्स आहे, घर पिढ्यान्‌पिढ्या मराठी मेथडिस्ट ख्रिस्ती. बिनपगारी रजा काढून मी पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला गेले होते, मर्सी शिप्सच्या ‘ग्लोबल मर्सी’ या जहाजावर. ही ख्रिस्ती सेवासंस्था 1978 पासून जहाजांवर इस्पितळं चालवते. हे जहाज 2023 पासून तिथल्या फ्रीटाऊनच्या बंदरात येतं. रुग्णाकडून एक पैसा घेत नाहीत. आम्हालाही पगार नसतो, विमानाचं तिकीट आपलं आपण काढायचं.

मी हाडांच्या वॉर्डात होते. पाय गुडघ्यातून बाहेर वाकलेली लहान मुलं, ऑपरेशननंतर दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. त्यांच्या आया खाटेखाली गादी टाकून झोपायच्या. ड्यूटी बदलताना आम्ही नर्सेस, तिथले दुभाषे, आया, सगळे मिळून गायचो आणि प्रार्थना करायचो. सात-आठ वर्षांची एक मुलगी प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा उभी राहिली. चालायचं सोडून ती खाली वाकली आणि दोन्ही गुडघे एकमेकांना लागतायत का ते बोटांनी चाचपून बघत राहिली. तिची आई “टेल गॉड टेंकी”, म्हणजे देवाचे आभार, म्हणत भिंतीला टेकून रडत होती.

तिथली माती आपल्या खानापूरसारखी लाल, पाऊस तसाच धो धो, आणि भात पोटात गेल्याशिवाय तिथेही कुणी जेवलो म्हणत नाही. मला तिथे परकं वाटलंच नाही. ते आता इथे वाटतंय.

परत कामावर रुजू झाले आणि लगेच जांबोटीकडची एक म्हातारी आली, खुब्याचं हाड मोडलेलं. मुलगा काउंटरपाशी उभा राहून डिपॉझिटसाठी एकेका पाहुण्याला फोन लावत होता. ही स्ट्रेचरवरून म्हणायची, “मला घरला न्या, पैसं घालू नका.” मी हे वर्षानुवर्षं बघत आलेय. आता बघवत नाही.

चर्चच्या महिला मंडळाने साक्ष द्यायला, म्हणजे सेवेतला अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, बोलावलंय, फोटो घेऊन. ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे, असे. त्या मुलीचे पाय मी पडद्यावर दाखवणार नाही, एवढं पक्कं आहे. मग सांगायचं काय? पाहुणे विचारतात, डॉलर किती मिळाले. सासूबाई मायेनं म्हणतात, “झालं की आता, घरात लक्ष घाल.” आणि प्रार्थना. इथे माझ्या रुग्णांचा देव वेगळा, तो मान मी राखते, मनातल्या मनात करते. पण चार जणांच्या सोबतीने करायची सवय लागली होती, ती एकटीने भागत नाही.

नोकरी सोडावी असं रोज वाटतं. असं बाहेरून सेवा करून आलेलं कुणी आहे का इथे? तुम्ही कसं सावरलात?

सीमावासी:
ताई, राग मानू नका. सेवेला इतक्या लांब कशाला जायचं? आमच्या कणकुंबीच्या आतल्या वाड्यांतून पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं. तिथं कुणी सिस्टर येत नाही.

वडगावचे माळकरी काका:
अगं बाई, तुझं मावंदं झालं नाही. आमच्यात काशी-पंढरी करून आलं की घरात पूजा घालून भावकीला, शेजाऱ्यांना जेवायला घालतात. त्यादिवशी लोक बसून ऐकतात, काय बघितलास, कोण भेटलं. ते होईपर्यंत माणूस अर्धा वाटेतच असतोय. मी पायी वारीला जातो. आलो की महिनाभर घरातलं बोलणं कानात शिरत नाही. पहाटे उठून बसतो, दिंडीतलं कोणच नसतंय बाजूला. मग शेजारच्या दोघांना हाक मारून हरिपाठ म्हणायला लागलो, आता रोज संध्याकाळी म्हणतो. तुमच्यात मावंदं नसेल, खरं जेवण घालायला कोण नको म्हणतंय? तिकडचं कायतरी रांधून घाल की. फोटो नकोत. त्या पोरीचे गुडघे आत्ता सांगितलास तसं सांग.

निपाणीची नर्स:
सिस्टर, मी आखातात नोकरी करून परतले. सेवा नव्हे, पण परतण्याचा त्रास ओळखीचा आहे. दोन सांगते. राजीनामा आत्ता लिहू नका, निदान एक पावसाळा जाऊ द्या. आणि तो काउंटर बघवत नाही म्हणता, तर तिथेच जाऊन उभ्या राहा. बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या, कुटुंबाला आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेतून वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण खाजगीत यायचं तर तातडीचं सोडून बाकीला सरकारी दवाखान्याचं रेफरल, म्हणजे पुढे पाठवल्याची चिठ्ठी, लागतं. ते माहीत नसतं म्हणून माणसं थेट येतात आणि दागिने गहाण टाकतात. महाराष्ट्रानेही 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना द्यायचं ठरवलं. कुठलं गाव, कुठला कागद, कुठलं कार्ड, हे जांबोटीच्या म्हातारीला तिच्या बोलीत सांगणारं कुणीतरी पाहिजे. पाटी कन्नडमध्ये, सॉफ्टवेअर इंग्रजीत, आणि ती बिचारी मराठी.

कॅम्पातली सिस्टर:
सीमावासी, तुमचं बरोबर आहे आणि ते मला लागलंही. एवढंच सांगते, मी तिथे गेले ती इथलं दुःख कमी आहे म्हणून नव्हे. मला बोलावणं आलं असं वाटलं आणि मी गेले. कणकुंबीच्या वाड्यांत आरोग्य तपासणीला जाणारा एखादा गट असेल तर कळवा, माझी सुट्टी बुधवारी असते.

काका, तिथे शेंगदाण्याचा घट्ट रस्सा भातावर घालून खातात, मिरची झणझणीत. तो जमेल, शेंगा काय आपल्याकडे मुबलक. साक्षीच्या दिवशी प्रोजेक्टर लावू नका आणि रांधायला मोठं पातेलं द्या, असं मंडळाला कळवलंय. निपाणीच्या सिस्टर, रेफरलसाठी रेशनकार्ड आणि आधार सोडून आणखी कुठले कागद लागतात ते लिहाल का? मराठीत एका पानावर छापून घेते.