स्पेनच्या खेड्यांतनं एमटीबी (माउंटन बाइक): ऑलिव्हची रानं की कामिनो? कोल्हापुरातनं चौघं जायलोय

चढावरचा_गडी

मंडळी नमस्कार. आम्ही चौघं कोल्हापूरचे, रविवारी पहाटे रंकाळ्यावर जमायचं आणि तिथनं पन्हाळा, मसाई पठार, कधी पोहाळे लेणी करून जोतिबा, असं आमचं चालू असतं, सगळ्यांकडं हार्डटेल (फक्त पुढं सस्पेन्शन असलेली सायकल) हाय फक्त एकानं परवा ई-एमटीबी घेतलीय (त्याच्याशी आम्ही चढावर बोलत नाही). तर आता डोक्यात खूळ शिरलंय की स्पेनला जायचं. बार्सिलोना, स्टेडियम, शॉपिंग असलं काही नको, आठ-दहा दिवस नुसतं शेतांतनं आणि जुन्या गावांतनं सायकल हाणायची. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, एवढीच रानं बघायची हौस असली तर शिरोळला ये आणि उसाला पाणी पाज.

नेटवर वाचून वाचून डोकं उठलंय, कोण म्हणतं खाली दक्षिणेला आंदालुसियात जा, कोण म्हणतं कामिनो दे सांतियागो, म्हणजे सांतियागोला जाणारी ख्रिस्ती यात्रेची जुनी वाट, करा. आमच्यातला एकजण मास्तर हाय म्हणून मे महिनाच जमतोय. सायकली इथनं न्यायच्या की तिकडं भाड्यानं घ्यायच्या? आणि एकजण माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही, त्याचं पोट कशावर भरायचं? जाऊन आलेल्यांनीच सांगा, व्हिडिओची लिंक नको, ते सगळे बघून झालेत.

दख्खनी_टायर

भावा, नोकरीनिमित्त सेव्हिलला राहिलोय, त्यामुळं माझं मत एकतर्फी हाय हे आधीच सांगतो. आंदालुसियाच करा.

तिकडं वीया व्हेर्दे नावाचा प्रकार हाय, बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून सायकलचे रस्ते केलेत. त्यातला पुएर्तो सेरानो ते ओल्व्हेरा हा 36 किलोमीटरचा तुकडा पहिल्या दिवशी घ्या, अंगातली प्रवासाची कणकण निघून जाते. गंमत अशी की या मार्गावरनं आगगाडी कधी धावलीच नाही, 1920 च्या दशकात काम काढलं, बोगदे खणले, पूल बांधले, आणि पुढं सगळं अर्धवटच राहिलं. बोगदे 30 हायत, काही लांबलचक, आत गारठा आणि काळाकुट्ट अंधार, दिवे सगळीकडं असतील या भरवशावर राहू नका, हेडलाइट घेऊनच जा. मधे साफ्रामागोनचा सुळका लागतो, त्याच्यावर गिधाडांची मोठी वसाहत हाय. थांबून मान वर केली की डोक्यावर घिरट्या घालताना दिसतात, पंख एवढे मोठे की सावली रस्त्यावरनं सरकत जाते. तिथं अर्धा तास तरी काढा, स्ट्राव्हा (राइड नोंदवणारं ॲप) बंद ठेवून.

आता रेल्वेचा मार्ग म्हणजे चढ अगदी सौम्य, पन्हाळा चढणाऱ्यांना तो चढ वाटणारच नाही आणि तुम्ही म्हणाल ही कसली एमटीबी. बरोबर हाय. म्हणून ओल्व्हेरापासनं पुढं शेतातल्या कच्च्या वाटांनी सेतेनिल दे लास बोदेगासला जा, तिथं घरं अक्षरशः कड्याच्या पोटात हायत, वर प्रचंड दगड आणि खाली बार, टेबलं मांडलेली. तिथनं रोंदा वीसेक किलोमीटर, तो दरीवरचा 1793 मध्ये पुरा झालेला पूल फोटोत बघितला असशीलच. रोंदात गर्दी असते टूरवाल्या बसची, पूल बघून निघा, मुक्काम बाहेरच्या गावात करा.

आणि ऑलिव्हच बघायचे तर हाएन प्रांत. सहा कोटींच्या वर झाडं हायत म्हणतात त्या एका प्रांतात, खरं वाटत नाही पण एखाद्या टेकाडावर चढलं की चारी बाजूला क्षितिजापर्यंत रांगाच रांगा. हाएनपासनं पुएंते हेनिलपर्यंत 128 किलोमीटरची वीया व्हेर्दे देल असेइते हाय, पूर्वी इथनं तेलाची पिंपं घेऊन गाड्या जायच्या म्हणून तिला तेलाची गाडीच म्हणायचे. जुने लोखंडी पूल अजून तसेच. वाटेत सुएरोसला मुक्काम करा, खडकावर किल्ला आणि खाली पांढरी घरं. फक्त गाव वर आणि मार्ग खाली, शेवटचा चढ मांड्या काढतो.

मे चा पहिला पंधरवडा बरा. पुढं ऊन वाढत जातं, जुलै-ऑगस्टला तर 40 च्या वर. आपल्याला सवय हाय म्हणू नका, ऑलिव्हची झाडं एवढी बुटकी आणि अंतरावर की सावली म्हणून मिळत नाही आणि दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, रस्त्यावर काळं कुत्रं दिसत नाही. पाणी दुपारच्या आधीच भरून घ्यायचं. आणि कोर्दोबाला मे च्या सुरुवातीला अंगणांचा उत्सव असतो, हॉटेलं महाग, आधी बुक करा नाहीतर टाळा.

गव्हाची_वाट

मी नवऱ्यासोबत कामिनो केलाय, सायकलवर, आणि दख्खनी दादांना माझा विरोध. 😀 आंदालुसियात फोटो छान येतील पण तुम्हाला गावं पाहिजेत ना, मग कामिनो फ्रान्सेस करा. सबंध 780 किलोमीटरच्या आसपास आहे, आठ-दहा दिवसांत सगळा करायला जाऊ नका, बुर्गोस ते लेओन हा मेसेताचा, म्हणजे उंच सपाट पठाराचा, भाग घ्या आणि पुढं जमेल तेवढं. लोक म्हणतात मेसेता कंटाळवाणं, बस पकडून टाळतात. मला तोच सगळ्यात आवडला. मे मध्ये गहू हिरवा असतो, मधेच लाल खसखशीची फुलं, आणि रस्ता सरळ, दूरवर चर्चचं टोक दिसतं, ते गाव यायला एक तास लागतो. कास्त्रोहेरिस सोडलं की एक उभा चढ आहे, मोस्तेलारेस, वर पोचलं की मागं पुढं नुसती शेतं. फ्रोमिस्ताच्या आधी कास्तियाच्या कालव्याच्या काठानं सायकल चालवायची, धान्य वाहून न्यायला बांधलेला कालवा आहे तो, आणि गावात अकराव्या शतकातलं सान मार्तिनचं चर्च. इतकं साधं आणि नीट की मी दारातच बसून राहिले.

कारियोन दे लोस कोंदेसच्या पुढं 17 किलोमीटर एकही गाव नाही, पाणी नाही, हे लक्षात ठेवा.

आता तोटेही सांगते. एक म्हणजे पायी चालणारे. 2023 मध्ये सांतियागोला यात्रा पुरी केल्याचं प्रमाणपत्र घेणारे चार लाखांच्या वर होते आणि त्यातले बहुतेक चालत आलेले, त्यामुळं अरुंद वाटेवर तुम्हीच हळू व्हायचं, घंटी वाजवायची आणि थांबायचं. सारियाच्या पुढं तर जत्रा असते. अल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या ठिकाणी, सार्वजनिक असेल तर आधी चालणाऱ्यांना जागा देतात, सायकलवाले नंतर. प्रमाणपत्र हवं असेल तर सायकलवाल्यांना शेवटचे 200 किलोमीटर करावे लागतात, चालणाऱ्यांना 100. म्हणून बरेच जण पोनफेरादाहून सुरू करतात. तुम्हाला कागद नकोच असेल तर हा विषयच सोडा, मी पण नाही घेतला.

दुसरं म्हणजे चिखल. पाऊस पडून गेल्यावर शिरोळकडच्या काळ्या रानात सायकल घातलीय का कधी? अगदी तसं होतं. चिकणमाती टायरला, मग फोर्कला, मग चाक फिरायचंच बंद. पाऊस झाला की निमूटपणे बाजूच्या डांबरी रस्त्याला लागायचं, तिथं गाड्या कमी असतात आणि सायकलवाल्याला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचा कायदा आहे, बहुतेक जण पाळतात पण.

माळकऱ्यांसाठी एक खास माहिती, एस्तेयाजवळ इराचेला एका वायनरीनं 1991 पासून भिंतीत दोन नळ बसवलेत, एकातनं वाइन येते, दुसऱ्यातनं पाणी. त्यांना दुसरा नळ दाखवा.

ब्रेकपॅड_संपले

सामानाचं मी सांगतो. ई-एमटीबीवाल्या दोस्ताला आधी खाली बसवा. 160 वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेताच येत नाही, ना हातात ना पोटात, आणि ई-बाईकची बॅटरी 400, 500, 600 ची असते. विषय संपला. त्याला तिकडं भाड्यानं घ्यायला लावा.

बाकी तिघांनी पण माझं ऐकाल तर भाड्यानंच घ्या. बॉक्समध्ये भरा, मुंबईपर्यंत न्या, कनेक्टिंग फ्लाइटला हरवली तर दोन दिवस हॉटेलात बसा, आणि उतरल्यावर रेल्वेचा प्रश्न वेगळाच. हायस्पीड गाडीत सायकल खोलून बॅगेत भरलेली असली तरच चालते, साध्या प्रादेशिक गाड्यांत उभी नेता येते पण जागा मोजक्या. एकदा ही कसरत केली, आता पेडल, शूज, हेल्मेट आणि सीट एवढंच नेतो. हेल्मेट गावाबाहेरच्या रस्त्यावर सक्तीचं हाय.

टायर मात्र ट्यूबलेसच मागून घ्या. त्या कोरड्या रानात जमिनीवर पसरणारं एक गोखरू असतंय, बारीक काटे, ट्यूब असली की दिवसभर पॅच लावत बसा. सीलंट (भोक आपोआप बुजवणारा टायरमधला द्रव) ताजं भरलंय का ते दुकानातच चाक हलवून आवाज ऐकून बघा, लाजू नका.

व्हिसाला शेंगेनचा नियम, किमान 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स. पॉलिसीत सायकलिंग चालतं का ते बारीक अक्षरात वाचा, काहींत "साहसी खेळ" म्हणून वगळलेलं असतंय.

चढावरचा_गडी

लई भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. ई-बाईकवाल्याला स्क्रीनशॉट पाठवला, त्यानं ग्रुप सोडला. 😂

आता आमच्यात दोन पार्ट्या झाल्यात, ऑलिव्ह आणि गहू. आणखी एक, कुत्र्यांचं काय? इकडं वाड्या-वस्त्यांवर कुत्री पिंढरीच धरतात. आणि शेतातनं जाताना कोण अडवत नाही का, कुणाच्या बांधावरनं गेलो म्हणून?

मेंढवाडा

हे माझ्या आवडीचं. आमचं घर मेंढरांचं, पट्टणकोडोलीकडं, त्यामुळं तिकडं गेलो तेव्हा किल्ल्यांपेक्षा याचीच चौकशी केली.

स्पेनमध्ये मेंढरं न्यायच्या जुन्या सरकारी वाटा हायत, उन्हाळ्यात डोंगरावर आणि थंडीत खाली. 1273 मध्ये राजा दहावा आल्फोन्सो यानं मेंढपाळांच्या संघटनेला, मेस्ताला, हक्क दिले आणि पुढं पाच-साडेपाचशे वर्षं ती टिकली. वाटा अजून हायत, सव्वा लाख किलोमीटर भरतील, आणि 1995 च्या कायद्यानं त्या सार्वजनिक मालकीच्या. मोठी वाट, कान्यादा, 75 मीटरपर्यंत रुंद. त्यावरनं चालायला आणि बिगरमोटार वाहनानं जायला मुभा हाय, म्हणजे सायकल चालते. शेतकऱ्यांनी कुठं कुठं नांगर घालून खाल्ल्यात म्हणा, ते सगळीकडं सारखंच. अजून दरवर्षी ऑक्टोबरात माद्रिदच्या भर रस्त्यातनं मेंढरं नेतात, हक्क जिवंत ठेवायला. हे वाचून आमच्या काकांनी विचारलं, ट्रॅफिक पोलीस काय म्हणत नाही व्हय?

कुत्रं म्हणशील तर मास्तीन, मेंढरं राखणारी जात. वासराएवढं असतंय, गळ्यात कधी कधी काटेरी पट्टा, लांडग्यापासनं राखायला. ते पिंढरी धरायला येत नाही, ते तुझ्या आणि मेंढरांच्या मधे उभं राहतं. पळायचं नाही, जोरात पेडल मारायचं नाही. खाली उतर, सायकल मधे धर, हळू आवाजात बोल आणि लांबनं वळसा घाल. मेंढपाळ जवळच असतो, हात वर केला की हाक मारून बोलावतो. कळप ओलांडून मधनं कधीच जायचं नाही.

फाटक लागलं की उघडून जा आणि जसं होतं तसं लाव. बंद होतं तर बंद. यावरनं मात्र तिकडचा शेतकरी खरंच तापतो.

दख्खनी_टायर

फाटकाला +1. खाजगी शिकारीच्या रानाच्या पाट्या दिसतात, "कोतो प्रिवादो दे कासा", त्याला घाबरू नका, वाट सार्वजनिक असली तर जाता येतं. मोठ्या शिकारी ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, मे मध्ये तो ताप नाही.

माळकरी भाऊंचं राहिलं. सकाळी बारमध्ये तोस्तादा मागायचा, भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो, मीठ आणि ऑलिव्हचं तेल, दोन खाल्ले की चाळीस किलोमीटर निघतात. सेव्हिलकडं एस्पिनाकास कोन गार्बान्सोस मिळतं, पालक आणि हरभरे, जिऱ्याचा वास, त्यांना घरची आठवण येईल. गास्पाचो, म्हणजे टोमॅटोचं गार सूप, चालेल. साल्मोरेहो हे त्याचंच दाट भावंड, त्यावर अंडं आणि हॅम भुरभुरतात, आधीच "सिन हामोन, सिन उएव्हो" म्हणायचं. मसुरीच्या आमटीपासनं लांब राहा, शाकाहारी दिसते आणि आत चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) निघतो. नुसतं "कार्ने नको" म्हणून भागत नाही, कारण हॅमला बरेच जण मांसात धरतच नाहीत, नाव घेऊनच नको म्हणायचं. रात्रीचं जेवण नऊच्या आधी विसरा, म्हणून संध्याकाळसाठी भडंगाची पिशवी इथनंच न्या.