मदत हवी आहे: वॉर्डसाठी फीडिंग ट्यूब कोणती निवडावी?

नमस्कार मंडळी, आमच्या वॉर्डात लकव्याचे आणि बेशुद्ध रुग्ण बरेच असतात. नाकातून घालायच्या नळ्यांची नवी खरेदी होणार आहे आणि माझं मत मागितलंय. ज्यांचा रोजचा हात बसलाय, त्यांच्याकडून ऐकायचंय.

सध्या आम्ही सरसकट पीव्हीसीची रायल्स ट्यूब वापरतो, १४ किंवा १६ फ्रेंचची (फ्रेंच म्हणजे नळीच्या जाडीचं माप). पोट रिकामं करायला ती उत्तमच. पण फक्त आहारासाठी इतकी जाड नळी कशाला, असं मला मनापासून वाटतं. पीव्हीसी पोटातल्या आम्लाने कडक होत जातं. काढताना टोक ताठ झालेलं हाताला जाणवतं, नाकपुडीच्या कडेला लाल व्रण दिसतो. रुग्ण बोलू शकत नाही, नुसता डोळे घट्ट मिटून घेतो. बघवत नाही हो.

म्हणून ८ ते १२ फ्रेंचची पॉलियुरेथेनची नळी सुचवायचा विचार आहे. ती मऊ असते, ४ ते ६ आठवडे टिकते. धास्ती एकच, चोंदण्याची. गोळ्या कुटून देताना तुमच्याकडे ती किती वेळा बंद पडते? औषधाआधी आणि नंतर ३० मिली पाणी पुरतं का? गाईडवायरवर (नळीच्या आतल्या आधाराच्या तारेवर) घालायला नवीन सिस्टरना जड जातं का? नळी पोटातच पोचल्याची खात्री पीएच पट्टीवर (नळीतून ओढलेल्या द्रवाची आम्लता दाखवणारी पट्टी) करता की दरवेळी एक्स-रे?

आणि महिन्याहून जास्त लागणार असेल तर पेगचा (पोटावर छोटं छिद्र करून थेट जठरात बसवायच्या नळीचा) विषय नातेवाइकांकडे कधी काढता?