मदत हवी आहे: पंचायत राज विधेयकांवर खासदारांनी कसं मतदान केलं?

१९८९ चं ६४ वं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत दोन-तृतीयांश बहुमताअभावी पडलं. १९९२ मध्ये ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती मात्र मंजूर झाली. मधल्या काळात कोणाची भूमिका बदलली, हे मला नावानिशी पाहायचंय. साध्या विधेयकांवर बहुधा आवाजी मतदान होतं, त्यातून काहीच कळत नाही. घटनादुरुस्तीला मतविभाजन (बाजूने-विरोधात कोणी मत दिलं याची मोजणी) लागतं, म्हणजे नोंद असणारच. राज्यसभेच्या या दोन्ही वेळच्या याद्या कुठे वाचायला मिळतील?

शिवाय, व्हिप (पक्षाचा मतदानाबाबतचा आदेश) असताना दिलेलं मत त्या खासदाराचं स्वतःचं मानावं का? भाषण वाचल्याशिवाय तसं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. कुणी असा अभ्यास केला असेल तर कृपया सांगा.