बाबांचं क्रिएटिनिन वाढून आलंय, पुन्हा तपासणी कशी करावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बाबा ६८ वर्षांचे, राहायला नागपुरातच. दरवेळी १.१ च्या आसपास असणारं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) यंदा १.६ आलंय. घरात सगळेच घाबरलोय.

पण रक्त दिलं तेव्हाची परिस्थिती सांगते. मे महिन्याचं ऊन, बाबांचं पाणी पिणं मुळातच कमी. आदल्या रात्री लग्नात सावजी मटण झालं होतं, आणि शिजवलेल्या मांसाने क्रिएटिनिन काही तास वाढलेलं दिसू शकतं. शिवाय लघवीच्या इन्फेक्शनसाठी को-ट्रायमोक्साझोल सुरू होतं. त्यातलं ट्रायमेथोप्रिम क्रिएटिनिन लघवीवाटे बाहेर पडणं काही प्रमाणात रोखतं, त्यामुळे किडनीचं गाळण्याचं काम ठीक असलं तरी आकडा चढतो म्हणे. गुडघ्यांसाठी अधूनमधून आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळीही घेतात. त्याने मात्र किडनीला खरोखरच इजा होऊ शकते, म्हणून मला सगळं मटणावर ढकलून मोकळं व्हायचं नाही.

डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी जाणकारांना विचारते: गोळ्यांचा कोर्स संपल्यावर किती दिवसांनी पुन्हा रक्त द्यावं? क्रिएटिनिन मोजायच्या जाफे नावाच्या पद्धतीत कीटोन, जास्त साखर यांचाही अडथळा येतो आणि बाबांना डायबेटिस आहे. मग एन्झायमॅटिक पद्धतीने क्रिएटिनिन करणारी किंवा सिस्टॅटिन सी (किडनीचं काम दाखवणारी दुसरी रक्ततपासणी) करणारी लॅब धंतोली-रामदासपेठ भागात कुठे आहे? पोटॅशियमही सोबत तपासून घ्यावं का?

कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया सविस्तर लिहा.