मदत हवी आहे: पोरं वाचायला लागलीत, पण आया म्हणतात ‘वही कोरी’

नमस्कार मंडळी,

नाशिकला पेठ रोडवर आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी एक वर्ग चालतो. संस्था वगैरे नाही. वस्तीतल्याच दोघी शिकवतात, मी खडू-फळा आणि हिशेब बघतो, ज्याला जमेल तो महिन्याला वीस रुपये देतो. पोरं चार ते सात वर्षांची. बहुतेकांचं गाव पेठ-सुरगाण्याकडचं, घरात बोली डोंगरातली कोकणी (कोकणा आदिवासींची). आई-बाप सकाळीच मजूर नाक्यावर.

पहिलीतली एक पोरगी क ते ज्ञ न थांबता लिहिते, अक्षर मोत्यासारखं. पण फळ्यावर नुसतं ‘मका’ लिहिलं की आधी चित्र शोधते. नाही सापडलं की ‘म मगरीचा, क कमळाचा’ म्हणते आणि गप्प. म्हणून दिवाळीनंतर ओळीने घोकणं थांबवलं. आधी फक्त क, म, ल, र आणि काना. एवढ्यातच मामा, काका, लाल, काम, माल, कार होतात आणि पोरं स्वतः जोडून वाचतात. बाकी वेळ गाणी, गोष्टी. पोरं कोकणीत जे सांगतात ते ताई तसंच फळ्यावर लिहितात.

पोरं खूश, आया नाराज. “वहीत काहीच नाही, नुसतं खेळवता.” त्यांनाही काय बोलणार? जी स्वतः शाळेत गेली नाही तिला पोराचा अभ्यास भरलेल्या पानातच दिसणार. दोघींनी तर पोरं काढून दोनशे रुपयांच्या ट्यूशनला घातली, तिथे रोज पानभर बाराखडी उतरवून घेतात. (आमचे वीस मात्र थकलेले, ते असो.)

त्यात आता द्राक्षकाढणी. जानेवारी ते मार्च बरीच घरं दिंडोरी-निफाडला मळ्यावर मुक्कामी जातात, पोरांसकट. परत आली की पुन्हा कान्यापासून सुरुवात.

तर, वहीत असं काय द्यावं की आईलाही दिसेल आणि पोराचं वाचनही पुढे जाईल? आणि मळ्यावर सोबत काय पाठवावं? मोबाईल सुचवू नका, तो बापाच्या खिशात असतो आणि रिचार्ज संपलेला असतो.

प्रतिसाद (बालवाडी ताई, सातपूर):
वहीच्या पानावर वर पोराचं चित्र, खाली त्याने सांगितलेलं एक वाक्य. कोकणीत असलं तरी तसंच लिहा. शनिवारी आयांना बोलवा आणि पोराला ते पान आईसमोर वाचू द्या. आईचं नाव लिहायला शिकवा. आमच्याकडे आयांची कुरकुर तिथेच संपली.

प्रतिसाद:
ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तुमची माणसं मळ्यावर टोळीने जात असतील, तर टोळीतली पाचवी-सहावीतली एखादी पोरगी हेरा आणि गोष्टींची पिशवी तिच्याकडे द्या. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, छापताही येतात.

धागाकर्ता:
ताई, दादा, आभार. शनिवारचं या आठवड्यातच करतो. टोळीत कोण कोण जाणार ते मुकादमाला विचारतो. एकच शंका, गोष्टींची काळी-पांढरी झेरॉक्स चालते का? रंगीत प्रिंट आमच्या वर्गणीत बसत नाही.