तृतीयपंथी वादकांचं वेगळं पथक, की सगळ्यांचं मिळून एकच?

मुठाकाठ (धागाकर्ता)

२०२४ च्या गणेशोत्सवात पुण्यात 'शिखंडी' हे तृतीयपंथीयांचं ढोल-ताशा पथक उभं राहिलं. अशा प्रकारचं देशातलं पहिलं पथक म्हणून बातम्या झाल्या. मला त्याचा मनापासून आनंद आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढचं लिखाण त्या पथकाविरुद्ध नाही. मला बोलायचंय ते बाकीच्या पथकांबद्दल.

पाऊस सुरू झाला की नदीपात्रात सराव सुरू होतात. नवीन मुलामुलींना कंबरेला ढोल कसा बांधायचा, टिपरू कसं धरायचं, थापीचा हात सैल कसा ठेवायचा, इथपासून शिकवलं जातं. कुणाला आधीपासून येत असावं लागत नाही, गाण्याचा कान असलाच पाहिजे असंही नाही. म्हणजे दार इतकं मोठं आहे की त्यातून कुणीही आत यावं. तरीही आपल्या गावातल्या तृतीयपंथी माणसांना स्वतःचं पथक काढावं लागलं, याचा विचार आपण वादकांनी करायला हवा की नको?

माझं म्हणणं स्पष्ट आहे. वेगळं पथक निघालं म्हणून आपली जबाबदारी संपली असं होऊ नये. प्रत्येक जुन्या पथकाने नोंदणी सगळ्यांना खुली आहे असं जाहीर करावं आणि एकाच रांगेत सगळ्यांना उभं करावं. मुली पथकात आल्या तेव्हाही आधी त्यांच्या हातात ध्वज आणि झांजाच दिल्या गेल्या. ढोलाचं वजन पेलणार नाही, रात्रभर रस्त्यावर राहायचं, जबाबदारी कोण घेणार, असं सगळं बोललं गेलं. आज ताशावर उभं राहून पथक चालवणाऱ्या मुली आहेत. त्या शंकांपैकी आज एक तरी उरली आहे का?

टोलकरी

मुद्दा चांगला आहे, पण मला दोन्ही गोष्टी पटत नाहीत. वेगळं पथकही नको आणि 'आम्ही सगळ्यांना घेतो' असं जाहीर करणंही नको.

पथकात सगळ्यांना एकसारखा झब्बा का घालायला लावतात? रांगेत उभं राहिल्यावर कुणाचं आडनाव, जात, कॉलेज, बापाचा धंदा दिसू नये म्हणून. टोल, म्हणजे सगळ्या ढोलांवर एकदम पडणारा ठोका, पडतो तेव्हा पन्नास टिपऱ्यांचा एकच आवाज यावा लागतो. तिथे आपली ओळख पुढे करणारा माणूस तालाला मारक ठरतो. त्या पथकाबद्दलच्या बातम्या मीही वाचल्या. वादक कोण आहेत हे सगळ्यांनी लिहिलं. वादन कसं झालं, ताशाची तर्री (काड्यांची जलद थरथर) कशी होती, हात म्हणजे वादनाचा ठेका बदलताना लय टिकली का, यावर एक ओळ वाचायला मिळाली नाही. मी त्या वादकांच्या जागी असतो तर मला याचं फार वाईट वाटलं असतं. मेहनत केली वादनाची आणि कौतुक झालं जन्माचं.

उद्या हीच वाट धरून प्रत्येक जातीचं, प्रत्येक समाजाचं पथक निघेल. मिरवणूक बाप्पाची आहे, तिथे ओळख एकाचीच.

आवर्तन

मी ट्रान्स स्त्री आहे. ढोल वाजवते. वर ज्या पथकाचं नाव आलंय त्यात मी नाही, त्यामुळे त्यांच्या वतीने बोलत नाही.

टोलकरी दादा, तुमचा झब्बा आडनाव झाकतो हे खरं. माझा आवाज कसा झाकणार? माझी हनुवटी? रांगेत सगळे सारखे दिसतात हे तुम्हाला वाटतं, कारण तुमच्याकडे कधी कुणी वळून बघितलेलं नाही. मी ओळख पुढे करत नाही. मी ढोल बांधायच्या आधीच लोकांनी ती पुढे केलेली असते.

बातम्यांमध्ये वादनाबद्दल काही नव्हतं, हे मात्र तुम्ही अगदी बरोबर बोललात. तेवढ्यापुरती मी तुमच्या बाजूने आहे.

आता मुठाकाठ यांना. एकच पथक ऐकायला छान वाटतं. पण पथक चालतं कसं? बहुतेक पथकांत वादक फुकट वाजवतात. कित्येक ठिकाणी नोंदणीला उलट पैसे भरावे लागतात. मंडळाकडून सुपारीचे, म्हणजे वादन ठरवल्याचे, पैसे येतात ते ढोल, त्यांची पानं (वाजवायचे पडदे), दोऱ्या, टेम्पो, सामाजिक काम यांत जातात. कॉलेजच्या मुलाला हे परवडतं, कारण घरी ताट वाढलेलं असतं. आमच्यातल्या अनेकींचं पोट मंगतीवर (मागून मिळणाऱ्या पैशांवर) आणि बधाईवर (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन मिळणाऱ्या पैशांवर) चालतं. दोन महिने रोजची संध्याकाळ सरावाला द्यायची म्हणजे त्या संध्याकाळची कमाई सोडायची. स्वतःचं पथक असलं तर सुपारीचे पैसे कसे वाटायचे हे आम्ही ठरवतो. ढोल वाजवून चार पैसे मिळाले तर सिग्नलवर एक संध्याकाळ कमी उभं राहावं लागतं. याला तुम्ही फूट पाडणं म्हणणार असाल तर म्हणा.

आणि ताशावर कोण असणार? ताशा सांगतो, ढोल ऐकतो. तुमच्या पथकात मी आले तर किती वर्षं मागच्या रांगेतच असेन?

पथकप्रमुख

मी एका मध्यम आकाराच्या पथकाची व्यवस्था बघतो. इथे तत्त्वाची चर्चा चाललीय, मला व्यवहार मांडायचाय. तो मांडला की लोक मला विरोधकांत ढकलतात, तरी मांडतो.

आमच्याकडे सोळा-सतरा वर्षांच्या मुली येतात. त्यांचे आईवडील आमच्या भरवशावर त्यांना रात्री पाठवतात. कपडे बदलायला एखाद्या शाळेची एखादी खोली मिळते, तीही शेजारच्या पथकाबरोबर वाटून. लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या रात्री शौचालय शोधणं मुलींनाच अवघड जातं. गर्दीत प्यायलेले लोक असतात. गर्दी अडवायला पथकाभोवती दोरी धरणारी आमची मुलं पोरगेलीच असतात. उद्या एखाद्या तृतीयपंथी वादकाला कुणी छेडलं, त्यावरून मारामारी झाली, तर पोलीस कुणाला बोलावणार? मला.

कुणाचा अपमान करायचा नाही. पण 'दार उघडा' म्हणणाऱ्यांनी दाराच्या आत काय काय करावं लागेल तेही सांगावं.

आवर्तन

सांगते. तुमच्या मुलींना शौचालय मिळत नाही ते आमच्यामुळे नाही. त्यांनाही हवंय, आम्हालाही हवंय. महापालिकेकडे मिळून मागू. छेडछाड आम्हाला रोज होते, आम्ही तिला नवख्या नाही. दोरीवरच्या मुलांना फक्त एवढं सांगून ठेवा की ही आपल्या पथकातली आहे.

पालकांबद्दल तुम्ही जे बोललात ते मात्र मला लागलं. मुलींना माझ्यापासून धोका आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण वाचणारा तेच वाचतो.

जतकर

मी कर्नाटक सीमेवरच्या भागातला. आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात पिढ्यान्पिढ्या आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेले जोगते, जोगती, जोगप्पा आमच्या गावागावांत आहेत. पुरुष म्हणून जन्मलेली, पण बाईपण अंगात असलेली कितीतरी माणसं या वाटेने गेली. डोक्यावर देवीचा जग (देवीचा मुखवटा बसवलेली टोपली), हातात चौंडकं हे तंतुवाद्य, सोबत तुणतुणं. मंगळवारी-शुक्रवारी दारात आले की बाया सुपातून जोगवा घालतात, पाया पडतात. त्यांच्याशिवाय देवीचं कार्य होत नाही. म्हणजे आपल्या लोकपरंपरेत त्यांना जागा नव्हती असं कुणी म्हणू नये. जागा होती. पण ती दारापर्यंतच होती. पाया पडणारं घर त्यांना ओसरीवर बसवून जेवायला वाढत नव्हतं. सख्खा भाऊ वाटणीत धरत नव्हता.

आता मंजम्मा जोगती यांचं उदाहरण बघा. बळ्ळारीकडच्या ट्रान्स स्त्री. घर सुटलं, भीक मागितली, जीव द्यायचा प्रयत्न झाला. मग जोगती नृत्य शिकल्या, कल्लव्वा जोगती यांच्या मेळात उभ्या राहिल्या, पुढे तो मेळ स्वतः चालवला. नंतर कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ चा पद्मश्री मिळाला. ही अकादमी सगळ्या राज्याच्या लोककलांची आहे, फक्त जोगतींची नव्हे. डोळ्ळू कुणितासारख्या (ढोल वाजवत करायच्या नाचासारख्या) सगळ्या लोककलांच्या कलाकारांच्या संस्थेच्या खुर्चीवर त्या बसल्या. पण तिथवर जायला आधी स्वतःचा मेळ लागला. तो मेळ नसता तर त्यांच्यातली कलाकार कुणाला दिसलीच नसती.

म्हणून मुठाकाठ यांची घाई मला समजते, पण पटत नाही. आधी त्यांचं पथक पाच-दहा वर्षं नीट चालू दे.

टोलकरी

जतकर, तुमच्या उदाहरणाने माझाच मुद्दा सिद्ध होतो. मंजम्मांना मान मिळाला तो कलेचा.

जतकर

कलेचाच. पण ती कला त्या जगण्यातूनच आली ना? डोक्यावर जग तोलत नाचायचं, हात न लावता. हे शिकायला आधी घराबाहेर पडावं लागलेली माणसंच त्या वाटेला गेली. जगणं बाजूला काढून नुसती कला हातात येत नाही.

शनिवारवाडा_शेजारी

पेठेत राहतो, घरात म्हातारी माणसं आहेत. माझा मुद्दा अगदी साधा आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांवर तीस वादकांची मर्यादा घातली होती आणि सप्टेंबरमध्येच सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. म्हणजे आमच्या कानांना कुणी वाली नाही. आणखी नवीन पथकं कुणाचीही नकोत. आहेत त्यातच सगळ्यांना घ्या. मुठाकाठ यांना माझा पाठिंबा.

हलगीच्या_गावचा

सर्वसमावेशक हा विषय निघालाच आहे तर पूर्ण बोलू. आज ज्याला पुणेरी ढोल म्हणतात तो मुळशी-मावळच्या गावांतून, जत्रांतून शहरात आला. हलगी मातंग समाजाने जपली. संबळ गोंधळ्यांनी जपला. लग्नात, वरातीत, निवडणुकीत आमची माणसं रात्रभर वाजवतात आणि त्यांना 'वाजंत्रीवाले' म्हणतात. पांढरा झब्बा घालून नोंदणी फी भरून वाजवलं की 'वादक' म्हणतात. पैसे घेऊन वाजवणारा हलका आणि फुकट वाजवणारा थोर, हा फरक कुणी केला?

आवर्तन ताईंनी पैशाचं जे लिहिलं त्याला माझा शंभर टक्के दुजोरा. ज्यांना कलेवर पोट भरायचंय त्यांना पथकात मान मिळत नाही, मग ते तृतीयपंथी असोत नाहीतर आम्ही. दार उघडायचंच असेल तर आधी ती फी काढा.

रंगपीठ

नाटकातला अनुभव जोडतो. स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन नाटकं बसवली. त्यातलं 'अपूर्व मेघदूत' अनेकांना आठवत असेल. रंगमंचावरचे सगळे अंध. अशा प्रयोगाला पहिली दहा मिनिटं प्रेक्षक दयेने बघतात आणि मग विसरतात. पण मला त्यातली पद्धत जास्त मोलाची वाटते. रंगमंचावर जागा डोळ्यांनी न शोधता कानांनी, पावलांनी शोधायची, सहकलाकाराच्या आवाजावरून अंतर ओळखायचं. सगळेच अंध असले की पद्धत त्यांच्या गरजेने घडते. डोळस नटांच्या घोळक्यात एकच अंध नट असता तर त्याला कुणीतरी हाताला धरून आणून उभं केलं असतं आणि काम भागवलं असतं.

म्हणून स्वतंत्र गट हवेत असंच माझं मत होतं आणि आहे. पण जतकरांच्या 'आधी वेगळं, मग आपोआप एकत्र' यावर माझा विश्वास नाही. व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातींत मला अंध नटाचं नाव अजून सापडत नाही. वेगळा गट स्थिरावला की मुख्य प्रवाहाला सुटल्यासारखं वाटतं. 'त्यांचं त्यांचं छान चाललंय.' मुठाकाठ यांची भीती हीच असावी.

मुठाकाठ

हो, हीच भीती.

आवर्तन, सुपारीच्या पैशाचा मुद्दा पक्का आहे. हलगीच्या_गावचा यांनी तो आणखी पुढे नेला. पण त्यावरचा उपाय म्हणजे जुन्या पथकांनी फी माफ करावी, गरज असलेल्या वादकाला मानधन द्यावं. मोठ्या पथकांना ते जमण्यासारखं आहे. बाहेर राहणं हा त्यावरचा एकमेव उपाय नाही. जतकर, पाच-दहा वर्षं थांबायला तुम्ही सांगता. आज अठरा वर्षांच्या एखाद्या ट्रान्स मुलाला त्याच्या शाळूसोबत्यांबरोबरच वाजवायचं असेल तर? त्याचे सगळे मित्र ज्या पथकात आहेत तिथे त्याने जायचं नाही का? वेगळं पथक त्याच्या कामाचं नाही. त्याला त्याची गल्ली हवी आहे.

टोलकरी, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाला मान्यता दिली, २०१९ चा कायदा झाला. आपल्या नोंदणीच्या कागदावर मात्र बऱ्याच ठिकाणी दोनच चौकटी आहेत. ओळख झाकायची म्हणता, पण पहिल्याच दिवशी ती आपणच विचारतो.

टोलकरी

मग चौकटच काढा. नाव, वय, रक्तगट, घरचा फोन. पथकाला एवढंच लागतं. या एका गोष्टीवर तरी आपलं एकमत व्हायला हरकत नाही.

पथकप्रमुख

चौकट काढणं सोपं आहे, ते मी कार्यकारिणीपुढे ठेवतो. फी माफीचंही ठेवतो, तिथे वाद होईल कारण या वर्षी पानं बदलायची आहेत. पालकांशी बोलावं लागेल आणि काही पालक मुली काढून नेतील, हे मला आत्ताच दिसतंय. आवर्तन ताई, तुम्हाला लागलं असेल तरी मी ते लपवणार नाही. तुमच्यापासून धोका आहे असं मला वाटत नाही. पण त्यांना काय वाटतं ते मला सांभाळावं लागतं.

आवर्तन

त्यांच्याशी बोलायला मी येते. तुम्ही एकटे माझ्या वतीने बोलू नका.

आणि एक अट. आमच्यातली एक मुलगी उत्तम ताशा वाजवते. तुमच्या पथकात ताशावर कोण उभं राहणार हे ज्या दिवशी ठरवता त्या दिवशी तिलाही बोलवा. तुमच्या मुलांबरोबर, त्याच हातांवर, त्याच लोकांसमोर. ती कमी पडली तर मागे जाईल.

पथकप्रमुख

चाचणी श्रावणाच्या पहिल्या रविवारी असते. वेळ कळवतो. तिला स्वतःच्या काड्या घेऊन यायला सांगा.