वस्तऱ्याने दाढी: गाल गुळगुळीत होतात, पण गळ्यावरचे खुंट राहतात

मुळाकाठ
नमस्कार. वर्षभरापासून मी घडीच्या वस्तऱ्याने दाढी करतो. वस्तरा जर्मनीतल्या सोलिंगनचा, पाऊण इंच रुंद पात्याचा आणि दोन्ही अंगांनी खोलगट घासलेला आहे. गालांवर एक सुलट (केस वाढतात त्या दिशेने) आणि एक उलट (त्याविरुद्ध) हात फिरवला की त्वचा अगदी साफ होते. परंतु जबड्याखाली, विशेषतः घाटीच्या दोन्ही बाजूंना, संध्याकाळपर्यंत खुंट बोटाला टोचू लागतात, आणि तेथे थोडा जोर द्यावा तर दुसऱ्या दिवशी लाल पुरळ उठते. पाते अधिक उभे धरून पाहिले, त्याने ओरखडेच वाढले. दोष धारेचा समजावा की हाताचा?

जुनी साण
माझ्या मते हाताचा, आणि त्यातही वस्तरा न धरलेल्या हाताचा. गालाखाली हाड असल्यामुळे तेथील त्वचा आपोआप ताणलेली राहते. गळ्याला तसा आधार नसतो. सैल त्वचेवरून पाते नेले की त्यापुढे त्वचेची लहानशी लाट उभी राहते, केस आडवे पडतात आणि धार त्यांना मुळाशी न गाठता वरवर छाटून जाते. मान मागे टाकून थोडी विरुद्ध बाजूला वळवावी आणि गळ्याची त्वचा वर ओढून जबड्याच्या हाडावर आणावी, म्हणजे पात्याला खाली टणक बैठक मिळते. पाते खालून वर न्यायचे असेल तेव्हा मात्र दुसऱ्या हाताने त्वचा गळपट्टीच्या हाडाकडे खाली ओढावी. फेसामुळे बोटे सटकत असतील तर ती पुसून ओल्या तुरटीच्या वडीवर टेकवावीत. पकड चटकन बसते.

दुसरी गोष्ट केसांच्या दिशेची. दोन दिवसांची दाढी वाढू द्यावी आणि कोरड्या गळ्यावरून चारही दिशांनी बोट फिरवावे. ज्या दिशेने बोट अडते, ती त्या जागेची उलट दिशा. पुष्कळांच्या गळ्यावर केस सरळ खाली न वाढता मानेकडे आडवे किंवा चक्क वरच्या दिशेने वाढतात, त्यामुळे आपण ज्याला सुलट हात समजतो तोच तेथे उलट पडतो आणि पुरळ उठते. अशा ठिकाणी सुलट हातानंतर एकदम उलट हात न मारता मधे एक आडवा हात घ्यावा व प्रत्येक वेळी फेस नव्याने लावावा. पाते उभे करणे तर सोडूनच द्या. वस्तऱ्याची पाठ त्वचेपासून तिच्याच जाडीच्या दीड-दोन पट उचललेली असली की साधारण 30 अंशांचा कोन मिळतो, आणि उलट हाताला तो याहून कमीच असावा. वजन वस्तऱ्याचे, दिशा आपली, एवढेच हाताचे काम.

कोकणकडा
ताणाबद्दल पूर्ण सहमत आहे, पण धारेला इतक्या लवकर निर्दोष ठरवू नये. गालावरचे केस त्या मानाने मऊ असल्यामुळे मध्यम धारही तेथे निभावते; खरी परीक्षा हनुवटी आणि गळा घेतात. दाढीपूर्वी वस्तरा कापडी पट्ट्यावर वीसेक आणि चामड्याच्या पट्ट्यावर पन्नासेक फेऱ्या परजला जातो का? पट्टा ताठ धरावा, पाठ पुढे व धार मागे राहील असे पाते सपाट ओढावे आणि टोकाशी पोहोचल्यावर ते पाठीवरून उलटवावे. बहुतेक जण पाते धारेवरून उलटवतात किंवा पट्टा सैल सोडतात, आणि मग ज्या पट्ट्याने धार सरळ करायची तोच ती वळवून ठेवतो. परजूनही केस ओढल्यासारखे वाटत असतील तर 12000 ग्रिटच्या (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून, जोर न देता, हलक्या फेऱ्या द्याव्यात. 1000 चा दगड केवळ धारेला खाच पडली असेल तरच काढावा. उत्साहाच्या भरात चांगली पाती झिजवणारे लोक मी पाहिले आहेत.

आमच्याकडे पावसाळ्यात पोलादावर एका रात्रीत गंजाचे ठिपके येतात. दाढीनंतर पाते कोरडे पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात द्यावा, कारण धारेवरचा गंज डोळ्यांना दिसण्याआधी गळ्याला जाणवतो.

मुळाकाठ
दोघांचेही आभार. परजताना पट्टा सैल राहतो, हे मान्य करावे लागेल. आणखी एक शंका: सोसायटीला टँकरचे पाणी येते आणि फेस दोन मिनिटांत सुकून जातो. त्याचाही यात काही वाटा असेल का?

जुनी साण
मोठा वाटा असेल. टँकरचे पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त असेल तर त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून साका धरतात, त्यामुळे फेस विरळ होतो. ब्रश भिजवायला आणि फेस करायला वाटीभर गाळणी यंत्राचे पाणी घ्यावे. मात्र ते यंत्र आरओचे हवे, कारण साध्या गाळणीने पाण्याचा जडपणा जात नाही. दाढी अंघोळीनंतर करावी, किंवा निदान दोन-तीन मिनिटे गरम पाण्याचा टॉवेल गळ्यावर ठेवावा, म्हणजे केस पाणी पिऊन मऊ होतात. शेवटी ओल्या गळ्यावरून तुरटी फिरवावी. ती जिथे झोंबेल तिथे कोन किंवा जोर चुकला असे समजावे आणि पुढील दाढीच्या वेळी त्या जागेवर उलट हात मारू नये.